‘बरा झाला’ या शेऱ्यापलीकडे

महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात ९ मार्च २०२० रोजी आढळले. पुढे राज्याच्या दप्तरी ८० लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतील बहुतेकांच्या नावापुढे ‘बरा झाला’ असा शेरा पडला. खाटेसाठी आणि प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती, त्या दिवसांत माणूस आपल्या पायांनी घरी परतला हेच पुष्कळ होते. परंतु फुप्फुसांविषयीचा हा शेरा हृदयालाही लागू पडतो असे आपण विनाचौकशी मानले, आणि तेथेच चूक झाली.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील डॉ. झियाद अल-अली व त्यांच्या सहकाऱ्यांनी माजी सैनिकांच्या वैद्यकीय नोंदींचा अभ्यास फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. कोरोना होऊन गेलेल्या सुमारे १ लाख ५३ हजार जणांची तुलना बाधा न झालेल्या ५६ लाखांशी केली असता, वर्षभरात पहिल्या गटात पक्षाघाताचा धोका ५२ टक्क्यांनी आणि हृदयाची रक्त उपसण्याची शक्ती घटण्याचा धोका ७२ टक्क्यांनी अधिक दिसला. टक्केवारी माणसाला उगाच दचकवते. दर हजारी हिशेब केला तर हे अनुक्रमे सुमारे चार आणि बारा जादा रुग्ण होत. मात्र रुग्णालयाची पायरीही न चढलेल्यांत हा धोका, कमी प्रमाणात का होईना, आढळला, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नव्हे. हे माजी सैनिक बहुतांशी वयस्क, गोरे पुरुष होते. मालेगावच्या यंत्रमागावरील तरुणाला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हेही मान्य केले पाहिजे.

विषाणूशी झुंजताना शरीरात उठणारा दाह रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तराला इजा करतो आणि रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते. हे कोरोनापुरतेच नाही. साध्या फ्लूनंतर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सहापट होतो, असे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील संशोधकांनी २०१८ मध्येच दाखवले होते.

आपल्याकडे मात्र चर्चा झाली ती भलतीच. नाचताना वा व्यायाम करताना तरुण कोसळल्याची चित्रफीत फिरली की खापर लशीवर फोडण्यात आले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशातील ४७ रुग्णालयांत १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ मध्ये नेमके उलट सांगितले : लशीच्या दोन मात्रांनी असा मृत्यू ओढवण्याची शक्यता घटली, ती वाढवणाऱ्या गोष्टींत कोरोनासाठी रुग्णालयात राहावे लागणे, कुटुंबातील आकस्मिक मृत्यूचा इतिहास, आदल्या दोन दिवसांतील अतिमद्यपान व अतिश्रम या होत्या. अफवेला जेवढे पाय फुटले, तेवढे या निष्कर्षांना फुटले नाहीत.

यासाठी नवे खाते वा नवी योजना काढण्याची गरज नाही. ३० वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व मधुमेह तपासण्याची सरकारी मोहीम चालूच आहे. तिच्या पत्रकात, ‘कोरोनासाठी रुग्णालयात दाखल होता काय?’ हा प्रश्न असावा, आणि ‘होय’ म्हणणाऱ्याला दरवर्षी पुन्हा बोलावले जावे. रुग्णालयाने घरी सोडताना दिलेले कागद पुष्कळ घरांतून एव्हाना रद्दीत गेले असतील. ज्यांच्याकडे ते उरले आहेत त्यांनी जपून ठेवावेत. आणि दम लागणे, छातीत धडधड, पायांवर सूज अशी तक्रार घेऊन दवाखान्यात जाताना, डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता, ते पुढे करावेत.