लॅपटॉपांतील हरवलेलें ग्राफिक्स कार्ड

खेळांसाठीं घेतलेल्या लॅपटॉपास स्वतःचें ग्राफिक्स कार्ड सांपडेनासें झालें, म्हणजे घरांतील तरुण मंडळींचा धीर सुटतो आणि दुकानदार नव्या मदरबोर्डाचा हिशेब मांडूं लागतो. एवढा मोठा खर्च कबूल करण्यापूर्वीं वडील मंडळींनीं थोडी चौकशी अवश्य करावी, असें आम्हांस वाटतें.

अशा यंत्रांत बहुधा चित्रें रेखाटणाऱ्या दोन चिपा असतात. एक प्रोसेसरांतच, दुसरी स्वतंत्र. पहिली चालू राहिल्यानें पडदा उजळतो, खेळ मात्र अडखळतो. वीज वांचविण्यासाठीं दुसरी अजिबात बंद ठेवण्याची ‘इको’ नांवाची सोय कांहीं लॅपटॉपांत असते; ती नकळत लागली तर कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधूनहि नाहींसें होतें! प्रथम तीच पाहावी. कार्ड ४३ या दोषांकासह दिसत असेल, तर तें हरवलेलें नाहीं. जुना ड्रायव्हर समूळ काढून उत्पादकाच्या संकेतस्थळावरील नवा घालून पाहावा. मुळींच न दिसल्यास यंत्र बंद करून, चार्जर काढून, पॉवरचें बटण अर्धा मिनिट दाबून धरावें.

खरी परीक्षा निराळीच. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यावी. तेथें कार्ड दिसलें तर संशय विंडोजवर घ्यावा. तेथेंहि नसेल तर दोष बहुधा यंत्राचाच. ही चिप सामान्यतः बोर्डास डाख देऊन बसविलेली असते. ती तापवून जिवंत करण्याचे प्रयोग चित्रफितींत मोठे चतुराईचे दिसतात, पण तो गुण क्वचितच टिकतो. त्यासाठीं कोणासहि पैसे मोजूं नयेत. हमीचा कागद आधीं शोधावा, आणि यंत्र दुरुस्तीस धाडण्यापूर्वीं मुलांच्या अभ्यासाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्या.