सूर्य एक, सवलती दोन

कोल्हापूरकडच्या वाहिन्या आणि वृत्तपत्रे सीमाभागातील घराघरांत पोहोचतात. त्यांतून 'मागेल त्याला सौर कृषिपंप' या योजनेची जाहिरातही पोहोचते. २०२४ सालच्या या योजनेत महाराष्ट्रातील शेतकऱ्याने पंपाच्या किमतीचा १० टक्के हिस्सा भरायचा असतो, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के. मराठी सोपी, नाव तर कोणाच्याही जिभेवर बसावे असे. निपाणी किंवा खानापूरच्या शेतकऱ्याला त्यातला शब्द न् शब्द समजतो. अडचण एवढीच, की ती योजना त्याच्यासाठी नाही.

त्याच्यासाठी जी आहे ती कर्नाटक शासनाची. केंद्राच्या कुसुम योजनेच्या 'ब' घटकात कर्नाटकाने आपला वाटा ५० टक्क्यांवर नेला. केंद्राचे ३० टक्के धरता शेतकऱ्याकडे २० टक्के उरतात. हे अनुदान काही थोडे नव्हे, आणि ते दिल्याबद्दल त्या शासनाला श्रेय दिलेच पाहिजे. परंतु विद्युतवाहिनीपासून ५०० मीटरच्या आत असलेल्या विहिरीला आणि त्यापलीकडच्या विहिरीला वेगळा न्याय आहे. सौरपंपाचा भर पलीकडच्या विहिरींवर आहे. अशी अट वाचूनच कळते, ऐकून अर्धवट कळते. आणि ती वाचायची म्हणजे कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत.

म्हणजे जी माहिती आपल्या भाषेत आहे ती आपली नाही, आणि जी आपली आहे ती आपल्या भाषेत नाही. सीमाप्रश्नाचा हा पैलू सभांतून फारसा ऐकू येत नाही.

शब्दांकडे जरा बारकाईने पाहू. कन्नडमध्ये शाळेला मिळते ते 'अनुदान', मराठीतही तेच. व्यक्तीला मिळणाऱ्या सरकारी साहाय्याला मात्र कन्नड कागदावर 'सहायधन' म्हणतात. हा शब्द संस्कृतातूनच आलेला, त्यामुळे मराठी वाचक निभावून नेईल. 'फलानुभवी' म्हणजे लाभार्थी, हेही अंदाजाने कळेल. 'पहणी' हा शब्द तर आपल्या 'पाहणी'चा भाऊबंद शोभावा. पण 'वंतिगे'? शेतकऱ्याने स्वतः भरायच्या हिश्श्याला हा शब्द आहे. ज्या एका शब्दावर खिशातून जाणारी रक्कम अवलंबून, नेमका तोच शब्द मराठी कानाला परका.

दोष सगळा कन्नडवर ढकलून मोकळे होण्यात अर्थ नाही. आपणही 'सबसिडी' या एका शब्दात तीन वेगळे व्यवहार कोंबतो. सौरपंपात शेतकरी आपला हिस्सा भरतो, उरलेल्या रकमेची तजवीज शासन करते. हे खरे अनुदान. छपरावरच्या सौरसंचासाठी केंद्राच्या सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात, पण संच बसून सुरू झाल्यावर, बँक खात्यात. तोवरचा खर्च ग्राहकाने पदरचा किंवा कर्जाऊ करायचा. याला परतावा म्हणावे. सौर बंब बसवणाऱ्या घरगुती ग्राहकाला कर्नाटकाच्या वीजदरात प्रतियुनिट ५० पैसे, महिन्याला फार तर ५० रुपये, अशी सवलत वर्षानुवर्षे चालत आली. ती बिलातली सूट. अनुदान, परतावा, सूट हे तिन्ही शब्द मराठीत आयते आहेत. ते नेमकेपणाने वापरले, तर परताव्याला अनुदान समजून कर्जात उतरणारा एखादा तरी थांबेल.

आता शासनाकडे. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या मान्य सुरक्षायोजनेनुसार जिल्हा किंवा तालुका पातळीवर एखाद्या अल्पसंख्य भाषेचे भाषिक १५ टक्के वा अधिक असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध व्हावयास हवेत. खानापूर तालुक्यात हे प्रमाण भरते की नाही, यासाठी जनगणनेचे कोष्टक उघडण्याचीही गरज नाही. तरीही परिपत्रकांचा विषय निघाला, की तो अस्मितेच्या आखाड्यात नेला जातो. दोन्ही बाजूंनी, हे नमूद करायला हवे. सौरपंपाची अट मराठीत छापल्याने कन्नडच्या राजभाषापदाला कोणता धक्का बसतो? शासनाचा पैसा योग्य विहिरीपर्यंत पोहोचावा, हा तर शासनाचाच स्वार्थ.

म्हणून मागणी लहान आणि नेमकी असावी. पात्रता, भरायचा हिस्सा, लागणारे कागद आणि पैसे आधी की नंतर, एवढे चार मुद्दे असलेले मराठी पत्रक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि हेस्कॉमच्या उपविभागीय कार्यालयात लागावे. हा अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा, त्याची प्रत राज्यघटनेच्या ३५० ब कलमाखाली नेमलेल्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवावी, आणि पोच घ्यायला विसरू नये. कन्नड पत्रक तयारच आहे. त्याचा मराठी तर्जुमा करून देणारे शिक्षक सीमाभागातील गावोगावी आहेत.