फोटो हाच आता नमुना

जुन्नर-आंबेगावच्या कापड व्यापारी बांधवांनो, पूर्वी ओतूर, मंचर, घोडेगावचे गिऱ्हाईक दुकानात येई, कापड दाराच्या उजेडात नेऊन पारखी. आज ते घरबसल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागते. म्हणजे फोटो हाच नमुना झाला. तो खोटा ठरला तर माल परत येतो आणि पतही जाते.

एका बस्त्यासाठी आम्ही दुकानातील दिव्याखाली मोरपंखी साडीचा फोटो काढून पाठवला. त्यात ती निळी दिसली. साडी परत आली. दोष साडीचा नव्हता, आमचा होता. मोबाईलचा कॅमेरा उजेड पाहून रंग आपोआप बदलतो. काळे कापड करडे, पांढरे मळकट दाखवतो.

म्हणून फोटो दिवसा, दाराशी सावलीत, दिवे बंद करून काढावा. भिंग आधी पुसावे. शेजारी कोरा कागद ठेवावा. कागद पिवळा दिसला तर रंग फसला समजावे. पोतासाठी एक फोटो जवळून घ्यावा, कापड कसे पडते ते छोट्या व्हिडिओत दाखवावे. डाग असेल तर त्याचाही फोटो पाठवावा.

गजात चोरी करणाऱ्याचे दुकान टिकत नाही. फोटोत चोरी करणाऱ्याचेही टिकणार नाही.