मावशीचं स्वयंपाकघर : चीजची दुलई पांघरलेले कांदे



आजचा पदार्थ सांगण्याआधी मला तुमच्यासमोर कान पकडायचे आहेत. का ते ऐका.

माझी ताई नर्स आहे. रविवारीसुद्धा तिला ड्यूटी असते. एका रविवारी तिच्या मुलांचा, म्हणजे माझ्या भाचीचा आणि भाच्याचा, मला फोन आला. ‘मावशी, आज आईला सरप्राइज द्यायचंय. घरात कांदे आहेत, चीज आहे, दूध आहे. काय करू?’ मी म्हटलं, भाजलेले चीज-कांदे करा! फोनवरच सगळी कृती सांगितली आणि शेवटी नेहमीचं वाक्य म्हटलं, ‘गरमागरम वाढा!’

पदार्थ झकास झाला. आजीनंसुद्धा दोनदा मागून घेतला. मला वाटलं, चला, आपण पास!

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. ‘पदार्थ फारच छान होता गं,’ ती म्हणाली, ‘पण एक विचारू? तुझ्या पाककृतीत भांडी कोण घासतं?’

माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मुलांनी तीन पातेली, दोन कढया, चार वाट्या आणि सगळे चमचे वापरले होते. मैदा ओट्यावर, कांद्याची सालं जमिनीवर. आणि दिवसभर उभं राहून आलेली ताई रात्री अकरा वाजता सिंकपाशी उभी राहून करपलेलं चीज खरवडत होती. म्हणजे सरप्राइज मिळालं खरं, पण त्याचं बिल तिलाच भरावं लागलं!

इतक्या पाककृती लिहिल्या, पण माझी प्रत्येक कृती ‘वाढा’ या शब्दावर संपते, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. म्हणून आज तोच पदार्थ पुन्हा सांगते, पण या वेळी पूर्ण.

साहित्य (चौघांसाठी)

मध्यम आकाराचे कांदे ५ (साधारण अर्धा किलो), लोणी किंवा बटर २ मोठे चमचे, मैदा २ मोठे चमचे (सपाट), दूध पाव लिटर, किसलेलं चीज १ वाटी (साधारण ८० ग्रॅम), पावाच्या एका स्लाइसचा चुरा, मिरपूड, चिमूटभर जायफळ, मीठ.

कांदा कोणता घ्यायचा? चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा उत्तम. आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ मिळाली तर काय विचारता! तो चवीला गोडसर असतो. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे ‘जीआय टॅग’ही मिळाला आहे.

आधी रडारड!

भाचा म्हणाला, ‘ताई कांदे चिरेल, मी ओव्हनचं बटण लावीन.’ वा रे वा! असं चालणार नाही. कांदे निम्मे-निम्मे.

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं? कांद्याच्या पेशीत दोन तऱ्हेची द्रव्यं वेगवेगळ्या कप्प्यांत बसलेली असतात. सुरीनं पेशी फुटली की ती एकमेकांत मिसळतात आणि गंधकाचा अंश असलेला एक वायू तयार होतो. तो डोळ्यांपर्यंत पोचला की डोळे म्हणतात, ‘अरे, हे काय? धुऊन टाका!’ की लागल्या धारा. हा वायू तयार करणारं खास विकर, म्हणजे एन्झाइम, जपानी शास्त्रज्ञांनी शोधून काढलं आणि २००२ साली जाहीर केलं. पुढे २०१३ साली त्यांना ‘इग नोबेल’ पारितोषिक मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात!

आता उपाय. सोललेले कांदे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत विकरांचं काम मंदावतं. आणि सुरी धारदार घ्या. बोथट सुरी पेशी चिरडते, मग रडणं जास्त. मात्र धारदार सुरी हातात घेताना घरातलं मोठं माणूस शेजारी हवं.

कृती

१. कांदे सोलून प्रत्येकाच्या चार फोडी करा. खालचा मुळाचा भाग पूर्ण कापून टाकू नका. त्यानंच सगळे पदर धरून ठेवलेले असतात. तो गेला की फोड सुटी झालीच म्हणून समजा.

२. पातेल्यात पाणी उकळा, थोडं मीठ टाका आणि फोडी ८ ते १० मिनिटं शिजवा. सुरीचं टोक अलगद आत गेलं की झालं. फोडी चाळणीत निथळायला ठेवा. पाणी फेकू नका, उद्याच्या आमटीत चालेल. एक फोड चाखून बघा बरं! तिखटपणा कुठे गेला? उकळत्या पाण्यात ती विकरं निकामी झाली आणि उग्र वास वाफेबरोबर उडून गेला. साखर कांद्यात आधीपासूनच होती. तिखटपणामागे लपली होती, ती आता जिभेला कळली.

३. तेच पातेलं विसळून पुन्हा गॅसवर ठेवा. (नवीन पातेलं काढायचं नाही हं!) मंद आचेवर लोणी वितळवा, मैदा घाला आणि दोन मिनिटं परता. मैद्याचा रंग बदलू देऊ नका. आता दूध थोडं थोडं घालत ढवळत राहा. मैद्याच्या कणांना आधी लोण्याचं पांघरूण मिळालं, म्हणून ते एकमेकांना चिकटून गुठळ्या करत नाहीत. सॉस चमच्याच्या पाठीवर चिकटून राहू लागला की गॅस बंद करा.

४. त्यात मिरपूड, जायफळ आणि अर्धं चीज घाला. मीठ चव बघूनच घाला, कारण चीज खारट असतं आणि बटरही बहुधा खारट असतं.

५. ओव्हन २०० अंशांवर दहा मिनिटं तापवून घ्या. ओव्हनमध्ये चालणाऱ्या भांड्याला आतून लोणी लावा, फोडी मांडा, वर सॉस ओता. उरलेलं चीज आणि पावाचा चुरा पसरा. झाली दुलई तयार!

६. भांडं ओव्हनमध्ये २० ते २५ मिनिटं ठेवा. कडेनं बुडबुडे आले आणि वरचा थर सोनेरी तांबूस झाला की काढा. भांडं मोठ्यांनीच काढायचं, आणि तेही कोरड्या जाड कापडानं. ओल्या फडक्यातून चटका लगेच हाताला लागतो. काचेचं गरम भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नका, तडकेल.

ओव्हन नाही? काळजी नको. सगळं शिजलेलंच आहे. जाड बुडाच्या कढईत एक चकती ठेवून त्यावर भांडं ठेवा आणि झाकण लावून मंद आचेवर १५ मिनिटं ठेवा. वरचा थर तांबूस होणार नाही, म्हणून पावाचा चुरा आधी तव्यावर लोण्यात खमंग परतून घ्या आणि शेवटी पेरा. आणि ‘भाजणं’ म्हणजे परदेशी प्रकार असं मुळीच समजू नका. निनाव किंवा भानोलं करताना जुन्या सुगरणी भांड्याच्या खाली आणि झाकणावरही निखारे ठेवत. तोच त्यांचा ओव्हन!

‘पनीर घातलं तर चालेल का?’ असं भाचीनं विचारलं होतं. चव चांगली लागेल, पण दुलई होणार नाही. चीजमधल्या प्रथिनांना कॅल्शियमनं धरून ठेवलेलं असतं. ऊब मिळाली की ती पकड सैल होते आणि चीज वितळतं. पनीर करताना आपण दुधात लिंबू पिळतो. त्या आंबटपणामुळे बरंचसं कॅल्शियम निघून जातं आणि प्रथिनं एकमेकांना घट्ट बिलगतात. मग कितीही तापवा, पनीर आपलं ताठच!

७. आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. हीच मी इतकी वर्षं विसरले होते.

ओव्हनमधली ती २०-२५ मिनिटं टीव्हीसाठी नाहीत. एकानं भांडी घासायची, दुसऱ्यानं विसळून पालथी घालायची. ओटा पुसायचा, सालं उचलायची. पातेलं, चाळणी, किसणी, सुरी, पाट, वाटी आणि चमचे, एवढंच तर आहे! किसणी लगेच धुवा, वाळलेलं चीज निघता निघत नाही. मात्र किसणी आणि सुरी पाण्यात बुडवून ठेवू नका. न दिसता बोट कापतं.

८. आता वाढा! हे आहे तोंडीलावणं. ताटात कुठे वाढायचं यावर आमच्याकडे वाद झाला. डावीकडे चटणी-कोशिंबिरीच्या रांगेत की उजवीकडे भाजीच्या जागी? आजीनं निकाल दिला, ‘ज्याला जास्त हवं त्यानं उजवीकडे घ्यावं!’ गरम फुलक्याबरोबर किंवा पावाबरोबर मस्त लागतं. पण दहा मिनिटं थांबा, आतला सॉस फार गरम असतो. जीभ भाजेल.

९. राहिलं एकच भांडं, भाजलेलं. त्याच्या कडांना चिकटलेला खमंग थर आधी उलथन्यानं काढून खा. आपण त्याला खरवड म्हणतो. फ्रेंच लोक अशा भाजलेल्या पदार्थांना ‘ग्रातॅं’ म्हणतात, आणि तो शब्द ‘खरवडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरूनच आलाय! म्हणजे खरवड आवडणारे तुम्ही एकटेच नाही. मग भांडं गार झालं की त्यात कोमट पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून अर्धा तास ठेवा. चिकटलेलं सगळं सुटेल. भांडं अॅल्युमिनियमचं असेल तर सोडा नको, ते काळं पडतं. नुसतं कोमट पाणी आणि साबण पुरे.

मागच्या महिन्यात मुलांनी हा पदार्थ पुन्हा केला, या नऊही पायऱ्या पाळून. त्या दिवशी मीही तिथे होते. ताई ड्यूटीवरून आली. पर्स ठेवली आणि सवयीनं आधी सिंकपाशी गेली. सिंक रिकामं होतं. ओटा कोरडा होता. ती तिथे क्षणभर उभी राहिली. मग हात-पाय धुऊन आली आणि चक्क आधी ताटावर बसली. नाही तर तिचं जेवण नेहमी सगळ्यांच्या शेवटी! खरवडीसाठी भाचा-भाचीचं भांडण जुंपलं, तेव्हा तिनं हळूच ते भांडंच आपल्याकडे ओढलं. ‘आज खरवड माझी!’

तर मित्रांनो, कान पकडून सांगते, यापुढे माझी कोणतीही कृती ‘वाढा’वर संपणार नाही. आणि तुम्हीही कुणाला पदार्थ करून घालाल, तेव्हा मागे कामाचा ढीग ठेवू नका.

आईबाबांसाठी दोन ओळी : मुलांनी घासलेल्या भांड्याला पहिल्या दिवशी थोडा साबण राहील, एखादा डागही राहील. त्यांच्यासमोर ते पुन्हा घासू नका. कुठे राहिलंय ते दाखवा आणि त्यांनाच पुन्हा धुऊ द्या. आणि हो, हे काम मुलगा-मुलगी दोघांना सारखंच वाटून द्या.

करून बघा आणि मला कळवा. पदार्थ कसा झाला तेही, आणि भांडी कुणी घासली तेही!

तुमची,
मावशी