शंकेचा पक्षपात

संशोधकाने निःपक्षपाती असावे, असे आपण इतक्या सहजतेने म्हणून जातो की, त्या अपेक्षेतील अडचण क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. ज्या विषयाबद्दल मनात ममत्व नाही, त्याच्यासाठी उन्हातान्हात गावोगाव हिंडून, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरची वाळवी लागलेली दप्तरे उपसून, त्यांतील मोडी कागद एकेक करून लावण्याचा खटाटोप करील कोण? विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी तो जन्मभर केला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. याचे श्रेय त्यांच्या चित्ताच्या समतेस द्यावे, तर त्यांस ओळखणारे हसले असते. स्वदेशाचा जाज्वल्य अभिमान, परकीय ग्रंथकारांवरील संताप आणि स्वमताचा पराकाष्ठेचा आग्रह, यांनीच त्यांस घरदार सोडून फिरावयास लावले. सबब, पूर्वग्रहरहित संशोधक हुडकत बसण्यात हशील नाही; पूर्वग्रह असताना संशोधन खरे कसे उतरते, एवढाच प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पक्षपात म्हणजे लबाडी, ही समजूत या प्रश्नाच्या आड येते. पुरावा दडपणारा अथवा बनावट कागद करणारा मनुष्य लबाड खरा, पण त्याची लबाडी आज ना उद्या उघडकीस येते. बिकट प्रकरण आहे ते प्रामाणिक मनुष्याचे. त्याच्यापुढे दोन कागद येतात. पहिला त्याच्या मताविरुद्ध जाणारा असतो. तेव्हा तो शिक्का तपासतो, मोर्तब पाहतो, मायना त्या काळच्या रिवाजास धरून आहे की नाही याची छाननी करतो, तिथी आणि वार यांचा मेळ बसतो का हे गणिताने पडताळतो, लेखनात मागाहून रूढ झालेला एखादा शब्द शिरला आहे का, हे भिंगाखाली धरून पाहतो, आणि एवढे करून कागद टिकलाच, तर तो ज्याच्या घरी सापडला त्या घराण्याचा वतनाच्या तंट्यात कोणता हितसंबंध होता, याची चौकशी आरंभतो. दुसरा कागद त्याच्या मतास पोषक असतो, आणि तो मात्र ‘अस्सल’ असा शेरा मिळवून दाखल होतो. पहिल्या कागदाबाबत त्याने केले त्यात गैर काहीच नाही; गैर आहे ते दुसऱ्याबाबत त्याने जे केले नाही त्यात. न केलेल्या तपासणीची नोंद कोणत्याही ग्रंथात नसल्यामुळे हा दोष वाचकास दिसत नाही, आणि बहुधा खुद्द लेखकासही दिसत नाही.

कागद निर्विवाद असले, तरी अर्थ लावताना हीच गत होते. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठी सत्तेच्या उदयाचे मोठे श्रेय संतांच्या चळवळीस दिले आणि युरोपातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेशी तिचे साम्य दाखविले. राजवाड्यांस त्याच संतांच्या उपदेशात निवृत्ती आणि पंगुत्व दिसले, व त्यांनी समर्थांच्या प्रवृत्तिपर शिकवणुकीस झुकते माप दिले. अभंग दोघांपुढे तेच होते. प्रार्थनासमाजाच्या धुरीणास धर्मसुधारक सापडले आणि राजकीय पराभवाने पोळलेल्या अभिमानी पुरुषास क्षात्रवृत्तीचा अभाव सापडला, यात योगायोगाचा भाग फारसा नसावा. मात्र त्याच राजवाड्यांनी पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत, ज्या बखरी मराठी मनास अत्यंत प्रिय त्यांची समकालीन पत्रांशी ताडून निर्दय झडती घेतली. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात प्राचीन आर्यांच्या विवाहसंस्थेविषयी लिहिताना, पूर्वजांच्या पावित्र्याविषयीच्या रूढ कल्पनांस धक्का देणारे निष्कर्ष मांडण्यास हा परंपरेचा अभिमानी कचरला नाही. जेथे शंका त्यांनी स्वपक्षावर सोडली, तेथे त्यांचे काम आजही उपयोगी पडते. जेथे ती आवरली, तेथे त्यांचे लेखन त्यांच्या स्वभावाचे साधन म्हणून तेवढे वाचावे लागते.

शिवजन्मतिथीच्या वादाचा दाखला याहून बोलका आहे. बखरींच्या आधारे शके १५४९ मधील, म्हणजे इसवी सन १६२७ ची, वैशाखातील तिथी लोकांत रूढ होती. कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली पुढे आली आणि तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली. शिवउत्सवाचे अध्वर्यू असलेल्या लोकमान्य टिळकांनीच ही शकावली १९१६ साली प्रसिद्ध केली. रूढ तिथीस बाध आणणारा कागद त्यांनी बासनात ठेवला नाही. आता जेध्यांची शकावली ही एका घराण्याची टिपणे होत, आणि नवा कागद सापडल्याच्या आनंदात मनुष्य सैल होतो, हेही खरे. परंतु पुढे दूर तंजावरास कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ची प्रत मिळाली, संपादक दिवेकरांनी ती १९२७ साली छापली, आणि महाराजांच्या आश्रयाने रचलेल्या त्या संस्कृत काव्याने तेच वर्ष सांगितले. मावळातील देशमुखाच्या घरचे टिपण आणि तंजावरच्या ग्रंथालयातील काव्य यांस एकमेकांचा पत्ता नव्हता, हेच त्यांच्या साक्षीचे बळ. तरीही शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख मुक्रर करण्यास २००१ साल उजाडले. रूढीस सोडचिठ्ठी देताना मनुष्य पुराव्याकडून जेवढी हमी मागतो, तेवढी ती स्वीकारताना त्याने कधी मागितलेली नसते.

आमच्या विद्यापीठांत प्रबंधाच्या आरंभी ‘वस्तुनिष्ठ दृष्टीने’ अध्ययन केल्याचे एक वाक्य छापण्याचा प्रघात आहे, आणि ते वाक्य लिहिण्यास लागणाऱ्या शाईपलीकडे त्याची किंमत मला दिसत नाही. त्याऐवजी विद्यार्थ्याकडून एक परिशिष्ट घ्यावे: आपल्या सिद्धांताविरुद्ध जाणारा कोणता पुरावा त्यास आढळला, तो कोणत्या कारणाने नाकारला, आणि नाकारताना लावलेली कसोटी अनुकूल पुराव्यास लावली असता त्यापैकी काय टिकले, हे त्यात कलमवार यावे. परिशिष्ट कोरे आले, तर प्रबंध परत पाठवावा. या तजविजीने परीक्षकाचे काम पुष्कळ हलके होईल. मार्गदर्शकांचे मात्र वाढेल, आणि ती मंजूर होण्यात खरी हरकत तिकडूनच येईल असा माझा अदमास आहे.