संगणक सुरू होत नाही तेव्हा

सुटे भाग विकत आणून घरच्या घरी संगणक जुळवण्याची हौस आमच्या वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांना लागली आहे. ही हौस स्तुत्यच होय. परंतु सर्व भाग जागच्या जागी बसवून मोठ्या उत्साहाने बटण दाबावे आणि पडदा काळा तो काळाच राहावा, असा प्रसंग या हौसेत पुष्कळदा येतो. अशा वेळी घरात जे घडते त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. कोणी दुकानदाराला बोल लावतो, कोणी जुळवणाऱ्या मुलाला, कोणी तर पाहिल्या न पाहिल्यासारखे करून सांगतो, "मदरबोर्डच गेला, नवा आणा." पैसा आईवडिलांच्या कष्टाचा असतो आणि मुलाचा आत्मविश्वास त्या भागांहूनही नाजूक असतो. माझे मत असे की, अशा वेळी निकालाची घाई न करता दोषाचा क्रमाने शोध घेणे हे एक शिक्षणच आहे, आणि ते शाळेने दिले पाहिजे.

मी कलाशाखेचा पदवीधर. माझी मातृभाषा कोंकणी आणि शिकवण्याचा विषय मराठी. "तंत्रज्ञांच्या प्रांतात या गृहस्थाचे काय काम?" असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर असे की, व्याकरणाच्या तासाला आम्ही वाक्यपृथक्करण करतो तेव्हा समोरच्या वाक्याचे घटक वेगळे करून प्रत्येकाचे कार्य ओळखतो. अडलेला संगणक तपासणे हे त्याच जातीचे काम आहे.

"सुरू होत नाही" हे वाक्यच प्रथम तपासून पाहा. त्यात निदान तीन निरनिराळे अर्थ दडलेले असतात. पंखा फिरत नाही, दिवाही लागत नाही, हा पहिला. याचा अर्थ वीज आत पोहोचलेली नाही. भिंतीवरचे बटण, वीजपुरवठ्याच्या पेटीमागची कळ, मदरबोर्डात बसणारा 24 पिनांचा जोड आणि पुढच्या बटणाच्या बारीक तारा योग्य पिनांवर आहेत की नाहीत, हे या क्रमाने पाहावे. पंखे फिरतात पण पडद्यावर काही उमटत नाही, हा दुसरा अर्थ. येथे प्रोसेसरजवळचा 4 किंवा 8 पिनांचा स्वतंत्र जोड लावावयाचा राहून गेलेला असू शकतो. रॅमची पट्टी खटका वाजेपर्यंत दाबली गेलेली नसते. किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलेले असूनही पडद्याची तार मदरबोर्डातच खुपसलेली असते. काही प्रोसेसरांत चित्र दाखवण्याची सोयच नसते. त्यांना निराळे कार्ड लागते. तिसरा अर्थ असा की, पडद्यावर अक्षरे येतात आणि तेथेच सारे थांबते. नव्या कोऱ्या डिस्कवर कार्यप्रणालीच घातलेली नसेल तर दुसरे काय व्हावयाचे? तो बिघाड नव्हेच! ज्याला हे तीन अर्थ वेगळे करता आले नाहीत, त्याची गत "आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी" अशी होते.

शिवाय, यंत्र अगदीच मुके नसते. वीज मिळताच संगणक प्रथम स्वतःची तपासणी करतो. अनेक नव्या मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क यांचे चार बारीक दिवे असतात. तपासणी जेथे अडेल तेथला दिवा जळत राहतो. डीडीआर 5 जातीची रॅम असेल तर पहिल्या खेपेस तिची जुळणी व्हावयास काही मिनिटेही लागतात. अधीर माणूस तेवढ्यात वीज बंद करतो आणि "बिघडला" म्हणून मोकळा होतो. मदरबोर्डातील मूळ सूचना जुन्या आणि प्रोसेसर त्यांच्या मागाहून निघालेला असेल, तर बोर्डाला तो ओळखताच येत नाही. येथे भाग बदलून उपयोग नाही. सूचनाच नव्या कराव्या लागतात.

एवढे पाहूनही उलगडा न झाला, तर सारे काढून केवळ बोर्ड, पंख्यासह प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि वीजपुरवठा एवढ्यावर यंत्र चालते का पाहावे. पडद्यासाठी कार्ड लागत असेल तर तेवढे ठेवावे. बोर्ड पेटीतून काढून पुठ्ठ्यावर ठेवला असता चालू लागला, तर पेटीतला एखादा जास्तीचा पितळी खुंट त्याच्या पाठीला टेकत असावा असा तर्क बांधता येतो. मग एकेक भाग जोडत जावे. मात्र एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपावा. दोन बदल एकदम केले आणि यंत्र चालू झाले, तरी कोणत्या बदलाने ते झाले हे कळत नाही. म्हणजे संगणक सुधारला, पण शिकणारा होता तेथेच राहिला.

टिपण ठेवण्याची ही रीत थोरांचीच आहे. 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क 2 या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला, तेव्हा तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. ते पान आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो संगणक बांधला गेला तो 1960 मध्ये काम करू लागला, आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' ठेवले. त्या मंडळींना बिघाड शोधून देणारा दुकानदार कोठे होता?

यावर कोणी म्हणेल, "महागडे भाग मुलांच्या हाती कसे द्यावेत? अपघात झाला तर?" हा आक्षेप मी हलका मानीत नाही. म्हणूनच हे शिक्षण वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली व्हावे. आत हात घालण्यापूर्वी वीज तोडून तार काढलीच पाहिजे. पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. आणि वीजपुरवठ्याची पेटी तर कधीच उघडू नये. तार काढल्यावरही तिच्या आत वीज साठून राहते. कोठे थांबावे हे कळणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे.

बेळगावात उद्यमबागेतील ओतशाळा आणि यंत्रशाळा आपल्या परिचयाच्या आहेत. हाताने काम करणाऱ्याची बुद्धी मंद असते, असे या गावाने तरी म्हणू नये. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने एक जुना संगणक केवळ उघडण्यासाठी राखून ठेवावा. शिक्षकांनी त्यातील एखादा जोड मुद्दाम सैल करावा आणि मुलामुलींनी तो शोधून काढावा. त्यात मुली मागे बसून पाहणाऱ्या नसाव्यात. गुण द्यावयाचे ते प्रथम कोणाला सापडला यासाठी नव्हे, तर वहीत कारणे कोणी नीट मांडली यासाठी.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाचा संगणक सुरू झाला नाही तर "कोणी बिघडवला?" असे विचारू नका, "काय काय पाहून झाले?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाने मूल लपवावयास शिकते, दुसऱ्याने विचार करावयास शिकते. पुढे संगणकाशी त्याचा संबंध राहो वा न राहो, आयुष्यात अडलेल्या गोष्टी त्याच्यापुढे येणारच आहेत.