मोटार हवा घेतीया

थर्ड इयरला फ्लुइड मशिनरीत मला चांगले मार्क पडले. हे फुशारकीसाठी सांगत नाहीये, पुढचा सगळा गोंधळ त्या मार्कांमुळेच झाला म्हणून सांगतेय.

माझ्या मामाचा लोणावळ्याजवळ बंगला आहे आणि मागच्या अंगणात छोटा स्विमिंग पूल. ८ मीटर बाय ४ मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ४०,००० लिटर पाणी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा पाणी शेवाळासारखं हिरवट झालं होतं आणि पंपाच्या खोलीतून खडखड आवाज येत होता, कोणी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवतंय असा. मामा कौतुकाने म्हणाला, "चला, आता आमच्या इंजिनिअर भाचीला बघू दे!"

भाचीने बघितलं. पुलाची रचना तशी सोपी असते. पंप पाणी ओढतो, वाळूच्या फिल्टरमधून ढकलतो आणि गाळलेलं पाणी भिंतीतल्या तोंडांतून परत पुलात सोडतो. फिल्टरवर एक प्रेशर गेज असतं. त्याचा काटा एरवी ०.८ बारला असायचा, तो ०.३ च्या आसपास थरथरत होता. प्रेशर कमी आणि खडखडाट! मला ओरलचा प्रश्न आल्यासारखा आनंद झाला. मी जाहीर केलं की हे कॅव्हिटेशन आहे, पंप कधीतरी चोक होऊन चालला असणार आणि इम्पेलर खाल्ला गेलाय. आता पंपच बदला.

बंगला सांभाळणारे माळीकाका दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "ताई, रातीला पाइपातलं पानी उतरतंय. सकाळी डबा रिकामा असतोय. मोटार हवा घेतीया."

मी "हो का" म्हटलं आणि पुन्हा मामाकडे वळले. खरं सांगू का, मला ते वाक्य ऐकूच आलं नाही. माझी शाळा कॉन्व्हेंटची. पंप 'कॅव्हिटेट' होतो, 'प्राइम' होतो, हे मला माहीत होतं. पंप हवा 'घेतो' हे मला एखादी मोटार बाहेर फिरायला गेल्यासारखं वाटलं. विहिरीवर मोटार चालवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला मात्र ते दोन शब्दांत कळलं असतं.

पुण्याहून नवीन पंप आला. जुना एक्स्चेंजमध्ये देऊन वर १८,००० रुपये. आणि मामाने पुढे जे केलं ते मला नीट सांगायला हवं, कारण त्याचं मूळ माझ्या वाक्यात होतं. पंप चोक होऊन चालला म्हणजे चालवणाऱ्याचं लक्ष नव्हतं, असा त्याने अर्थ काढला. निम्मे पैसे माळीकाकांच्या पगारातून महिन्याला १,००० प्रमाणे कापायचं ठरलं. मी तिथेच बसून चिवडा खात होते. काही बोलले नाही.

फिटरने पंप बसवला, डब्यात पाणी भरून चालू करून दाखवला, पैसे घेतले आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच खडखडाट. कोऱ्या करकरीत पंपाचा!

आता मात्र मी काकांजवळ जाऊन बसले. त्यांनी मला काय दाखवलं ते लिहिते, कारण ते आमच्या कुठल्याच जर्नलमध्ये नाही. पहिलं, पंपाच्या तोंडाशी पारदर्शक झाकणाचा जाळीचा डबा असतो. पंप चालू असताना तो काठोकाठ भरलेला दिसायला हवा. आमचा अर्धाच होता आणि आत पाणी उसळत होतं. दुसरं, पाणी परत जिथे सोडलं जातं तिथून बुडबुडे येत होते. हे बघून माझी ट्यूब पेटली. कॅव्हिटेशनचे बुडबुडे वाफेचे. दाब वाढला की ते पंपातल्या पंपातच फुटतात, पुलापर्यंत पोचत नाहीत. पुलात बुडबुडे येतात म्हणजे बाहेरची हवा आत शिरतेय! व्याख्या मला पाठ होती, तिचा हा उपयोग कोणी विचारला नव्हता.

पण पाइप तर कुठेच गळत नव्हता. काका हसले. ओढणाऱ्या बाजूचा पाइप पाणी गाळत नाही, हवा पितो. बरोबरच आहे, आमच्याकडे पंपाची खोली पाण्याच्या पातळीपेक्षा वर आहे, तिथे पाइपातला दाब वातावरणापेक्षा कमी. फट असली तर हवा आत, पाण्याचा एक थेंबही बाहेर नाही. मग रात्री पंप बंद झाला की त्याच फटीतून हवा शिरते आणि पाइपातलं पाणी पुलात उतरतं. म्हणून सकाळी डबा रिकामा. काकांचं पहिलं वाक्य म्हणजे अख्खं निदान होतं.

मग त्यांनी एक फडकं भिजवलं आणि पंप चालू ठेवून एकेका सांध्याला गुंडाळत गेले. सांधा झाला, काही नाही. कोपर झालं, काही नाही. पंपाआधीच्या व्हॉल्व्हच्या दांड्याला गुंडाळलं आणि दहा-पंधरा सेकंदांत आवाज बदलला, डबा भरत आला, काटा वर सरकला. फडकं काढलं की पुन्हा खडखड. दांड्यावरची रबरी रिंग सुकून चिरली होती. नवीन व्हॉल्व्ह ४०० रुपयांच्या आत आला. पाणी नीट फिरून गाळलं जाऊ लागलं, क्लोरीन सगळीकडे पोचू लागलं आणि चार दिवसांत पाणी स्वच्छ झालं.

माळीकाका म्हणजे सर्वज्ञ आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी त्याच बंद खोलीत ॲसिडचा कॅन आणि क्लोरीनची पावडर शेजारी शेजारी ठेवली होती. दोन्ही एकत्र सांडलं तर क्लोरीन वायू तयार होतो आणि आत असलेला माणूस गुदमरू शकतो. ते मला पुस्तकामुळे कळलं आणि आम्ही ॲसिड लगेच बाहेरच्या शेडमध्ये हलवलं. शिवाय पाणी हिरवं दिसलं की ते नुसतं क्लोरीन ओतत राहायचे. बोअरच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर गेलेला, तिथे क्लोरीनचा बराचसा जोर फुकट जातो. तो ७.२ ते ७.८ मध्ये आणायला हवा. तेव्हा पुस्तकं जाळा वगैरे माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं आपल्या लॅबबद्दल आहे. तिथलं सगळं आपल्या दृष्टीने 'चालू' असतं. सेंट्रिफ्युगल पंपाच्या रिगवर आपण सहा रीडिंग घेतो, एफिशियन्सीचा कर्व्ह काढतो (बऱ्याचदा सीनियरच्या फाइलमधून) आणि सबमिट करतो. बिघडलेला पंप समोर ठेवून "सांगा, याला काय झालंय?" असं चार वर्षांत आपल्याला कोणी विचारत नाही. पेपरात तर 'गिव्हन डेटा' आयता असतो. माळीकाकांना कोणी डेटा दिला नव्हता. कुठे बघायचं हेच त्यांना आधी ठरवावं लागलं. आय.टी.आय.ला पंप ऑपरेटर-कम-मेकॅनिक नावाचा ट्रेडच आहे. आपण मात्र त्या मुलांना 'नुसते फिटर' म्हणतो आणि चुकीचं निदान इंग्रजीत करून त्यांच्यावरच ढकलतो. मी तेच केलं.

गेजवरून एक साधी गोष्ट कळते, ती मला आता कळली. काटा नेहमीपेक्षा खाली असेल तर आधी पंपाच्या अलीकडे बघा. जाळी भरली असेल, हवा शिरत असेल, पुलाचं पाणी कमी झालं असेल. वर असेल तर पलीकडे बघा, बहुतेक वाळू तुंबलीय आणि बॅकवॉश करायला हवा. ज्या फिल्टरवर स्वच्छ असतानाचा आकडा लिहून ठेवलेला नाही, तिथे गेज असून नसल्यासारखं. मी एवढं बघितलं असतं तरी ०.३ बारवरून थेट इम्पेलरवर उडी मारली नसती.

मामाला मी सांगितलं. सोपं गेलं नाही, कारण त्यालाही कौतुक मागे घ्यावं लागलं. तोपर्यंत एक हप्ता कापून झाला होता. तो त्याने परत केला, पुढचे रद्द केले. काकांना मी सॉरी म्हटलं तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई, जुनी मोटार तेवढी चांगली होती." ती एक्स्चेंजमध्ये गेली ती गेलीच.

तर एच.ओ.डी. सरांना एक विनंती. दर सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल असं ठेवावं की लॅब असिस्टंटनी मुद्दाम एक बिघाड करून ठेवायचा आणि बॅचने तो शोधायचा. मार्क नवीन पार्ट बसवण्याला नकोत, कुठलं कारण कशावरून बाद केलं ते लिहिण्याला असावेत. सुरुवातीला वेगळा खर्चही नको. लॅबच्या कोपऱ्यात आमच्या ॲडमिशनच्याही आधीपासून 'आउट ऑफ ऑर्डर'ची चिठ्ठी लावलेला एक पंप आहे. सिंगल फेजची मोटार आहे, स्विच टाकला की नुसती घूं करते, फिरत नाही. कपॅसिटर गेला असेल किंवा शाफ्ट जाम झाला असेल. मेन बंद करून शाफ्ट हाताने फिरतो का ते बघितलं की दोनांतलं एक नाव खोडता येईल. आमची बॅच शनिवारी दुपारी रिकामी असते. स्टोअरमधून स्पॅनरचा सेट तेवढा सहीवर मिळावा.